पार्टिशनचा आकार बदलताना या चुका टाळा

'सी' ड्राइव्हची पट्टी लाल झाली की अनेकांना ते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो वेगळा केलेला भाग, मोठे करण्याची घाई सुटते, आणि त्या घाईतली एक चूक मी कोथरूडमध्ये ओळखीच्या घरी वारंवार पाहिली आहे: बॅकअप म्हणून सगळ्या फायली त्याच डिस्कच्या 'डी'वर टाकलेल्या असतात. सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत. कपाट कोसळले तर दोन्हींतले सामान सांडते. बॅकअप वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्यावा आणि त्यातील चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.

शेजारच्या काकूंच्या मुलाने हे केले नव्हते. सीला जागा मिळावी म्हणून त्याने एका फुकटच्या सॉफ्टवेअरने डी डाव्या बाजूने कमी करायला घेतला. पार्टिशनची सुरुवात सरकवायची म्हणजे त्यातील डेटा उचलून पुढे न्यावा लागतो. एक टेराबाइटच्या फिरत्या डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. वार गुरुवार होता. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात, हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण संगणकाला यूपीएस नव्हता. अर्ध्यात वीज गेली. परत आल्यावर डी 'रॉ' (विंडोजला आतली रचना ओळखता न येणारा) दिसू लागला आणि विंडोज तो फॉरमॅट करायला सांगू लागले. फोटोरेक हे हरवलेल्या फायली शोधणारे सॉफ्टवेअर चालवून मी काही फोटो परत मिळवले, परंतु हे साधन फायलींची मूळ नावे आणि फोल्डर परत देत नाही. आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो आकड्यांच्या नावांनी हजारो चित्रांत विखुरले होते, आणि ओवाळणीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग नुसता करडा होता. काकूंनी तोही जपून ठेवला आहे.

म्हणून मी पार्टिशनची सुरुवात सरकवत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पार्टिशन वाढवण्याचा पर्याय अनेकदा फिका दिसतो, कारण मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे नसते; मध्ये डी किंवा रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) असते. अशा वेळी अधीर माणूस सापडेल ते सॉफ्टवेअर उतरवून घेतो. माझी सवय अशी की डीचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर न्यायचा, तो तपासायचा, डी काढून टाकायचा, सी वाढवायचा आणि उरलेल्या जागेत नवा डी करून डेटा परत आणायचा. यात एक संध्याकाळ जाते, पण कोणत्याही क्षणी वीज गेली तरी डेटा बाहेर सुरक्षित असतो. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल, तर ते न समजता उडवू नये. खरे तर अनेकांना एवढेही करावे लागत नाही: 'डाउनलोड्स' फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याची जागा डीवर नेली की सी बराच मोकळा होतो.

ज्या डिस्कमधून टकटक आवाज येतो, तिच्या पार्टिशनांना हात लावू नये. आधी डेटा उतरवावा. डिस्क निरोगी असली तरी आकार बदलण्यापूर्वी चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासणारे साधन चालवावे. पार्टिशन लहान करण्याचा 'श्रिंक' पर्याय अपेक्षेपेक्षा फारच कमी जागा देत असेल, तर पेजिंग फाइल, हायबरनेशन आणि रिस्टोअर पॉइंट या जागा अडवणाऱ्या विंडोजच्या सोयी तात्पुरत्या बंद करून पाहाव्यात. डिस्क 'डायनॅमिक' (विंडोजची वेगळी डिस्क-रचना) करण्याची सूचना आली तर नकार द्यावा. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नये. लिनक्सवाल्यांनी ध्यानात ठेवावे, की एक्सएफएस ही फाइल-रचना वाढवता येते, पण सहज लहान करता येत नाही.

काम सुरू करण्याआधी मी डिस्क मॅनेजमेंटच्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवतो. पार्टिशन हरवलेच, तर टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशने शोधणाऱ्या साधनाने शोधलेल्या पार्टिशनांपैकी खरे कोणते, हे त्या फोटोतील आकार आणि क्रम पाहून ओळखता येते.