काँगोची राज्यव्यवस्था घटनेतून कशी वाचावी

आधी कोणता काँगो ते पक्कं करा. शेजारी-शेजारी दोन देश आहेत. मी सांगतेय तो काँगो लोकशाही प्रजासत्ताक, राजधानी किन्शासा. विद्यार्थ्यांना मी थेट २००६ ची घटना उघडायला लावते. नेत्यांच्या नावांपासून सुरुवात केली की भांडणंच लक्षात राहतात.

पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष. थेट मतदान, पाच वर्षांची मुदत, फार तर दोनदा. इथे २०११ ची दुरुस्ती चुकवू नका. तिने मतदानाची दुसरी फेरीच काढून टाकली, त्यामुळे जिंकायला निम्मी मतं लागत नाहीत. २०१८ च्या निवडणुकीत, जाहीर निकालानुसार, फेलिक्स त्शिसेकेदी साधारण ३८ टक्क्यांवर निवडून आले. मग कलम २२० वाचा, अगदी सावकाश. अध्यक्षाच्या मुदतीची लांबी आणि संख्या यांना घटनादुरुस्तीनेही हात लावता येणार नाही, असं ते बजावतं. अख्ख्या घटनेत मला हेच कलम सर्वांत मोलाचं वाटतं.

पंतप्रधान संसदेतल्या बहुमतातून येतो. ते स्पष्ट नसेल तर आघाडी जुळते का हे बघायला अध्यक्ष एकाला नेमतात. राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, जागा ५००.

सिनेटर (वरच्या सभागृहाचे सदस्य) आणि गव्हर्नर (प्रांत सरकारचे प्रमुख) मात्र प्रांतिक विधानसभा निवडतात. २०१५ मध्ये ११ प्रांतांचे २६ झाले, किन्शासा धरून. आता कलम १७५ काढा: राष्ट्रीय महसुलातला ४० टक्के वाटा प्रांतांचा, आणि तो वसुलीच्या जागीच कापून ठेवायचा. प्रत्यक्षात पैसा आधी किन्शासाला जातो आणि प्रांतांकडे त्यातला थोडाच परततो. म्हणून प्रांताची बातमी वाचताना गव्हर्नर कोण हे बघाल, तेव्हा त्याच्या तिजोरीत पैसा कुठून येतो तेही शोधा.