दुसरी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय? आधी पहिलीची झाडाझडती

मी गिटार शिकवते. कोणी दुसरी इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं म्हणालं की मी आधी पहिली मागून घेते, मांडीवर ठेवते आणि तपासते. दुसरी गिटार नेमकी कशासाठी हवी, हे पहिलीच सांगते. पण ती ठीकठाक लावलेली असेल तरच. गंजलेल्या तारा, उंच चढलेली अ‍ॅक्शन (तारांची दांडीपासूनची उंची) आणि बिघडलेलं इंटोनेशन (दांडीवर सगळीकडे सूर नेमका लागणं) असलेल्या गिटारीवर वैतागून केलेली खरेदी बहुतेक वेळा त्या वैतागापुरतीच टिकते.

तर सुरुवात इथून करा. नव्या तारा चढवा आणि सूर लावा. जाड ई तार पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबून धरा, दुसऱ्या हाताने तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. साधारण पाव मिलिमीटर असेल तर नेकचा, म्हणजे दांडीचा, बाक योग्य आहे. तार फ्रेटला चिकटली असेल किंवा फट जास्त असेल, तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) फिरवायला हवा. तो एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग पुन्हा सूर लावून पुन्हा बघायचं. हात धजावत नसेल तर जाणत्याकडे द्या. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. जाड ईला दोन मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक ईला दीडच्या आसपास असेल, तर बहुतेकांचा हात सुखावतो. शेवटी इंटोनेशन बघा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर तार दाबून काढलेला सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे सरकवा, उतरता असेल तर पुढे आणा.

पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाची, उंची सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप तारांच्या फार जवळ आणला की त्याचं चुंबक तारेला ओढायला लागतं. जाड तारांवर वरच्या फ्रेट वाजवताना सूर थरथरतो, गिटार बेसूर वाटते आणि कितीही ट्यून केली तरी समाधान होत नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा आणि फरक ऐका. एवढं केल्यावर काही जण आपली जुनीच गिटार घेऊन खुशीत घरी जातात, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

अ‍ॅम्पचंही तसंच आहे. तळहाताएवढ्या स्पीकरच्या सरावाच्या अ‍ॅम्पमधून कुठलीही गिटार वाजवा, खर्ज कापलेलाच ऐकू येणार. आवाज पातळ असल्याची तक्रार असेल तर आपली गिटार मित्राच्या मोठ्या अ‍ॅम्पला लावून बघा. तिथे ती भरदार वाजली, तर पैसे अ‍ॅम्पमध्ये घाला.

हे सगळं करूनही काहीतरी कमी पडत असेल, तर ते एका वाक्यात कागदावर लिहा. ‘वेगळा टोन हवा’ एवढ्याने भागणार नाही. ‘डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणं) वाढवलं की घूं असा आवाज येतो’, ‘सूर उतरवला की तारा लोंबतात’, ‘तासभर उभं राहिलं की खांदा भरून येतो’, ‘कार्यक्रमात तार तुटली तर हातात दुसरी गिटार नाही’ असं लिहा. यातल्या प्रत्येक वाक्यातून वेगळी गिटार निघते. शेवटच्या वाक्याचं उत्तर तर अगदी सोपं आहे: पहिलीसारखीच दुसरी घ्या. स्केल (तारेची वाजणारी लांबी) तेच, तारांची जाडी तीच, पिकअप त्याच जातीचे. गाणं चालू असताना गिटार बदलल्यावर बोटांना नवीन काही शिकायला लागू नये.

बाकीच्यांसाठी मी क्रम ठरवून ठेवलाय. आधी पिकअप, मग स्केल, मग ब्रिज, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पिकअपपासून सुरू करू. सिंगल कॉइलमध्ये चुंबकाभोवती तारेचं एकच वेटोळं असतं. ते तारांची कंपनं टिपतं, तशीच आसपासच्या विजेच्या वायरिंगची ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुणही टिपतं. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोडगा काढला. शेजारी शेजारी दोन वेटोळी, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येऊन एकमेकींना खोडते, तारांचा आवाज मात्र जुळून येतो. हाच हंबकर. १९५७ पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारीवर दिसू लागला. गुणगुण गेली, पण सोबत वरच्या पट्टीतली थोडी चमकही गेली, मधला भाग जाडसर झाला आणि सिग्नल दणकट झाला. म्हणून हंबकर अ‍ॅम्पला लवकर डिस्टॉर्शनमध्ये ढकलतो, आणि सिंगल कॉइलवर कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी सुटी ऐकू येते.

तुमची पहिली गिटार फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यातली असेल, म्हणजे तीन सिंगल कॉइल आणि पाच खाचांचा स्विच, तर दुसरी हंबकरची घेणं सरळ आहे. पण त्याआधी स्विच दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत ठेवून ऐका. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर या दोन खाचांमध्ये गुणगुण गायब होते, आणि तक्रार फक्त गुणगुणीची असेल तर काम तिथेच झालं. पहिली लेस पॉलच्या घराण्यातली असेल, तर मी फेंडरच्याच टेलिकास्टरकडे वळायला सांगते. तिच्या ब्रिज पिकअपचा ठणठणीतपणा हंबकरमधून निघत नाही. या दोन टोकांच्या मधलं काही हवं असेल तर पी-९० ऐका. हा सिंगल कॉइलच आहे, १९४६ पासूनचा, पण रुंद आणि जाड आवाजाचा. गुणगुणतो, पण व्हॉल्यूम थोडा कमी केला की गोड वाजतो आणि पूर्ण उघडला की गुरगुरतो. एकाच गिटारीत ब्लूज आणि रॉक दोन्ही वाजवणाऱ्याला मी हाच सुचवते.

‘सगळं एकीतच’ म्हणून एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइलची गिटार घ्यावी का, किंवा हंबकरचं एक वेटोळं बंद करणारा स्विच असलेली? पहिली गिटार म्हणून उत्तम. दुसरी म्हणून मी सहसा नाही म्हणते. अर्धा केलेला हंबकर सिंगल कॉइलच्या जवळपास जातो, पण सिग्नल एकदम पडतो आणि मूळ सिंगल कॉइलची धार त्यात नसते. दुसरी गिटार पहिलीपासून स्पष्टपणे वेगळी असेल तरच दोन्ही वाजवल्या जातात. नाहीतर एक हातात राहते आणि दुसरी भिंतीवर.

आता स्केल. हे हाताला सगळ्यात आधी जाणवतं, तरी खरेदीच्या वेळी याचा विचार सगळ्यात कमी होतो. नेकच्या टोकाच्या नटपासून (तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी म्हणजे स्केल. फेंडरच्या बहुतेक गिटारींवर ती २५.५ इंच, गिब्सनवर सांगितली जाते ती २४.७५, पीआरएसवर बहुधा २५, आणि फेंडरच्याच जॅग्वारवर २४. पाऊण इंचाचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब करा: २५.५ इंचांवर ताण २४.७५ पेक्षा सुमारे सहा टक्के जास्त येतो. बेंड करताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोटाला तो कळतो. आखूड स्केलवर पूर्ण सुराचा बेंड अलगद निघतो आणि पहिल्या चार फ्रेट एकमेकींच्या जवळ येतात. लांब स्केलवर जाड तारा घट्ट राहतात आणि खर्ज स्वच्छ वाजतो. माझ्या एका विद्यार्थिनीची बोटं आखूड आहेत. पहिल्या फ्रेटजवळच्या ताणलेल्या कॉर्डला तिचं मनगट वाकडं व्हायचं. २४ इंचांची गिटार हातात दिल्यावर तेच कॉर्ड तिने मनगट सरळ ठेवून धरले. उलट, जाड ई सीपर्यंत किंवा त्याही खाली उतरवून वाजवणाऱ्याने २६.५ किंवा २७ इंचांकडे बघावं. तिथे जाड तारांचा चिखल होत नाही.

फ्रेटबोर्डचा गोलावाही याच वेळी बघा. जुन्या पद्धतीच्या फेंडरवर त्याची त्रिज्या ७.२५ इंच असते, म्हणजे बराच गोल. कॉर्ड धरायला सुखाचं, पण अ‍ॅक्शन खाली असेल तर मोठ्या बेंडमध्ये सूर मध्येच गुदमरतो. नव्या फेंडरवर बहुधा ९.५ आणि गिब्सनवर १२ असते. सोलो जास्त वाजवत असाल तर सपाट बोर्ड बरा.

ब्रिजचं थोडक्यात. पहिलीवर तरंगता ट्रेमोलो (दांडा हलवून सूर खालीवर करता येणारा, स्प्रिंगांवर तोललेला ब्रिज) असेल, तर दुसरी पक्क्या ब्रिजची घ्या. तरंगत्या ब्रिजवर एका तारेचा सूर उतरवला की स्प्रिंगांचा तोल बिघडतो आणि उरलेल्या पाचही तारा सरकतात. पक्क्या ब्रिजवर जाड ई डीपर्यंत उतरवली तरी बाकीच्या तारांचा सूर जवळजवळ तसाच राहतो. एक गिटार कायम नेहमीच्या सुरात आणि दुसरी कायम उतरवलेल्या सुरात ठेवायची, हा दुसरी गिटार घेण्याचा मला सगळ्यात पटणारा हेतू आहे.

पोकळ किंवा अर्धपोकळ गिटारीचा मोह अनेकांना होतो. १९५८ च्या ईएस-३३५ मध्ये गिब्सनने पोकळ अंगाच्या मधोमध लाकडाचा ठोकळा घातला, तो फीडबॅक (स्पीकरचाच आवाज गिटारीत परत शिरून घुमणं) आवरायलाच. त्यामुळे अर्धपोकळ गिटार बँडमध्ये चालते. पूर्ण पोकळ मात्र मोठ्या आवाजात अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की घुमायला लागते. घरी आणि हळू वाजवणाऱ्याने ती बिनधास्त घ्यावी.

दुकानात जाताना आपली पहिली गिटार सोबत न्या. नेता येत नसेल तर तिच्यावर वाजवलेला एक तुकडा फोनवर रेकॉर्ड करून न्या आणि नव्या गिटारीवर तोच तुकडा वाजवून रेकॉर्ड करा. आधी अ‍ॅम्पला न लावता वाजवा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट सावकाश दाबत जा. कुठे तार फडफडते, कुठे सूर पटकन मरतो, हे असंच कळतं. बारीक ई बाराव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत पूर्ण सुराने ओढून बघा. मग अ‍ॅम्प लावा, तोही क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय. डिस्टॉर्शनखाली सगळ्या गिटारी सारख्याच शूर वाटतात. व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा आणि आवाज कसा मवाळ होतो ते ऐका, किती कमी होतो एवढंच नको. स्विच प्रत्येक खाचेत फिरवा, जॅकमध्ये केबल हलवा. खरखर आली तर विचारून घ्या. सहसा साफसफाईने जाते, पण ती घेण्याआधी करून मागा.

आणि उभं राहा. पट्टा लावून हात सोडा. नेक खाली झुकली तर तुमचा डावा हात वाजवण्याऐवजी ती सावरत बसणार. गिब्सनच्या एसजीच्या घराण्यात हे बऱ्याचदा दिसतं. लेस पॉल तोल राखते, पण चार किलोच्या वर सहज जाते. खांद्याची तक्रार लिहिली असेल तर वजनकाट्यावर ठेवूनच घ्या.

वापरलेली गिटार घेत असाल तर सगळ्यात आधी हेडस्टॉकच्या (तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागे, नटच्या जवळ, बोट आणि उजेड दोन्ही फिरवा. मागे कललेला हेडस्टॉक पडल्यावर तिथेच तडकतो. नीट चिकटवलेली तडक वाजवायला चालते, पण किमतीत ती दिसली पाहिजे. ट्रस रॉडचा नट दोन्हीकडे थोडा फिरतो का हे मालकाला करून दाखवायला सांगा. फिरत नसेल तर निमूट परत या. फ्रेटवर तारांच्या खाचा असतील तर त्या घासून घेण्याचा खर्च किमतीत धरा, आणि फ्रेट आधीच खूप बुटक्या झाल्या असतील तर नव्या बसवण्याचा.

घरी आणल्यावर तारा ठरवा. लांब स्केलवर ९-४२ (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि आखूड स्केलवर १०-४६ अशी जोडी बरेच जण ठेवतात, आणि पहिल्यांदा लावायला ती चांगली आहे. मग दोन्ही गिटारी एकाच अ‍ॅम्पला आळीपाळीने लावा. हंबकरची गिटार सिंगल कॉइलवालीपेक्षा मोठ्याने वाजेल. हंबकर स्क्रूने थोडा थोडा खाली घ्या, अर्धा फेरा, मग पुन्हा ऐकायचं. गाण्यांच्या मध्ये गिटार बदलल्यावर अ‍ॅम्पच्या एकाही नॉबला हात लावावा लागला नाही, की उंची जमली.