मॉली आयव्हिन्स यांचे सदर आणि जिल्ह्याच्या पानावरचा राजकीय विनोद

जिल्हा वृत्तपत्रात राजकीय सदर लिहिण्याची इच्छा असलेल्या तरुणांना मी सर्वप्रथम टेक्सासमधल्या एका पत्रकार बाईंविषयी सांगते, आणि मराठवाड्यातल्या माणसाला त्यांचा काय उपयोग, असा प्रश्न बहुतेकांच्या चेहऱ्यावर दिसतो. मॉली आयव्हिन्स 31 जानेवारी 2007 रोजी, वयाच्या 62व्या वर्षी कर्करोगाने गेल्या, तेव्हा त्यांचे सदर अमेरिकेतील जवळपास 400 वृत्तपत्रांत छापले जात होते. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत त्यांच्या कोट्यांचीच उजळणी अधिक झाली, आणि ते साहजिकही होते. मात्र या व्यवसायात नव्याने येणाऱ्याच्या कामाची गोष्ट त्या कोट्यांच्या मागे आहे. कंटाळवाण्या सभांना शेवटपर्यंत बसण्याची आणि तिथले कागद वाचण्याची सवय, ही ती गोष्ट.

ह्यूस्टनमध्ये वाढलेल्या आणि कोलंबिया विद्यापीठातून पत्रकारिता शिकलेल्या आयव्हिन्स यांनी मिनियापोलिसच्या दैनिकात पोलिसांच्या बातम्या केल्या. तिथल्या पोलिसांनी आपल्या पाळलेल्या डुकराला त्यांचे नाव दिले होते आणि हा किस्सा त्या स्वतःच अभिमानाने सांगत. पण त्यांची खरी शाळा म्हणजे 1970 ते 1976 या काळात त्यांनी सहसंपादक म्हणून चालवलेले ‘टेक्सास ऑब्झर्व्हर’ हे ऑस्टिनमधले छोटे, पैशाची कायम ओढाताण असलेले नियतकालिक. टेक्सास विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, फार तर 140 दिवस भरते, आणि त्या दिवसांत तिथे कोण काय बोलले, कोणाच्या विधेयकामागे कोणाचा पैसा आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. पुढे त्यांनी आमदारांची जी टिंगल केली, ती ऐकून मतदार हसत आणि आमदार चडफडत, पण तपशील चुकीचा आहे असे म्हणण्याची संधी आमदारांना क्वचितच मिळे.

आपल्याकडे मुंबई-नागपूरच्या अधिवेशनाला जाणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि सुरुवातीला त्याची गरजही नसते. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा, महापालिकेची स्थायी समिती आणि बाजार समितीची वार्षिक सभा एवढे पुरेसे आहे. सभेत पहिल्या तासाला आरडाओरड होते, सदस्य व्यासपीठासमोर येऊन बसतात, छायाचित्रे निघतात, नाश्ता होतो आणि पत्रकार प्रेसनोट घेऊन निघून जातात. त्यानंतर विषयपत्रिकेच्या अगदी तळाशी असलेले ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ सुरू होतात. सदर लिहिणाऱ्याने तिथे बसून राहावे, कारण मघाशी एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले दोन सदस्य त्या वेळी एकाच ठरावाचे सूचक आणि अनुमोदक झालेले दिसतात. सभेत काय घडले हे आठवणीवर सोडू नये. इतिवृत्ताची प्रत मागावी, आणि ती मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 अन्वये अर्ज करावा, ज्याला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. 2022 नंतर मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता, तेव्हा सभागृहातली गंमत संपली अशी तक्रार अनेकांनी केली. माझे मत वेगळे आहे, कारण प्रशासक बोलत नसला तरी सही करतो, आणि सहीखालच्या मजकुरात भाषणापेक्षा जास्त विनोद असतो.

कागदातून विनोद कसा निघतो याचे एक उदाहरण देते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पहिल्या गाडीतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. त्या दिवसांत स्वागताचे फलक, श्रेयाची भांडणे आणि गाडीसोबतची छायाचित्रे यांची रेलचेल होती, तर ज्या पट्ट्यात हे घडत होते तो ऊस आणि साखर कारखाने यांच्यासाठी ओळखला जाणारा पट्टा होता. अशा वेळी नवा लेखक ‘निर्लज्ज’, ‘संवेदनाशून्य’ अशी विशेषणे वापरून मोकळा होतो. त्याऐवजी गाडीतले लिटर, स्वागत समितीतील मंडळींची नावे आणि त्यातल्या कोणाचा कोणत्या कारखान्याशी संबंध आहे, एवढेच शांतपणे शेजारीशेजारी मांडले, तर वाचक स्वतः हसतो आणि मग त्याला स्वतःलाच राग येतो. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येते, आणि पाच वर्षांच्या अंतराने भरलेली एकाच माणसाची दोन प्रतिज्ञापत्रे ज्याने ओळीने वाचली आहेत, त्याला विषयांची वाण कधीच पडत नाही.

नेमकेपणा जपण्यासाठी कधी कधी आपल्याच डेस्कशी झगडावे लागते. आयव्हिन्स 1976 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये गेल्या, 1977 मध्ये एल्व्हिस प्रेस्ली गेल्यावर त्यांचा मृत्युलेख लिहिला, रॉकी पर्वतीय राज्यांच्या प्रतिनिधी म्हणून काम केले, पण त्यांच्या रांगड्या वाक्यांवर तिथे इतकी इस्त्री फिरवली जाई की 1982 मध्ये त्या ‘डॅलस टाइम्स हेरल्ड’मध्ये निघून आल्या. हवे ते लिहिण्याची मोकळीक ही तिथली अट होती. अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसमधल्या, एका स्थानिक सदस्याची बुद्धी आणखी खाली गेली तर त्यांना रोपट्यासारखे दिवसातून दोनदा पाणी घालावे लागेल, असे त्यांनी लिहिले तेव्हा शहरात गदारोळ झाला आणि काही जाहिरातदार दूर गेले. वृत्तपत्राने मात्र माघार न घेता, मॉली आयव्हिन्स असे कसे म्हणू शकतात, या आशयाचे मोठे फलकच शहरभर लावले.

असे फलक आपल्याकडे कोणी लावील, या भरवशावर राहू नये. आपल्या तालुका प्रतिनिधींना बातमीबरोबर जाहिरातीचे उद्दिष्ट असते, आणि ज्या नेत्यावर सदर लिहायचे त्याच नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी पुढच्या महिन्यात निघायची असते. माझ्या सुरुवातीच्या काळात एका वृत्तपत्राने माझा मजकूर उचलून त्या जागी शुभेच्छांचा चौकोन लावला होता, आणि सकाळी तो पाहून मला राग येण्याऐवजी व्यवहार समजला. म्हणून सदर सुरू करण्यापूर्वी कोणत्या विषयांना हात लावता येणार नाही, हे संपादकांना स्पष्ट विचारावे. ते उत्तर देतात, अगदी प्रामाणिकपणे देतात, आणि यादी फारच लांब असेल तर दुसरे वृत्तपत्र पाहता येते. मानधनावर घर चालेल असे समजू नये. नोकरी, शिकवणी किंवा भाषांतराचे काम सोबत असलेल्या लेखकाला नकार देणे सोपे जाते.

थट्टा कोणाची करावी, याविषयी आयव्हिन्स यांचा दंडक ठाम होता. उपहास हे दुबळ्यांनी बलवानांविरुद्ध वापरायचे हत्यार आहे आणि ते दुबळ्यांवर चालवणे त्यांना क्रूर आणि हिणकस वाटे. पैठणच्या एकनाथांच्या भारुडांवर वाढलेल्या प्रदेशाला हे नवे नाही. मात्र आपल्या भागात एक जास्तीचे पथ्य पाळावे लागते. इथे आडनावावरून जात कळते, आणि नेत्यावरचा विनोद संध्याकाळपर्यंत समाजाचा अपमान म्हणून फिरू लागतो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची 1978 पासूनची सोळा वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. नेत्याचा निर्णय, त्याचे भाषण आणि त्याचा हिशेब यांवर हवे तितके हसावे; त्याचे कूळ, त्याचे शरीर, त्याच्या घरातल्या स्त्रिया आणि त्याची ग्रामीण बोली यांना हात लावू नये. आयव्हिन्स स्वतः टेक्सासच्या बोलीत लिहीत आणि त्या बोलीतूनच मोठ्या माणसांना जमिनीवर आणत. आपल्याकडच्या नव्या लेखकांना मात्र पुण्याच्या वाचकाला हसवण्यासाठी आपल्याच गावच्या सरपंचाच्या बोलण्याची नक्कल करण्याचा मोह होतो. हे मला सर्वांत जास्त खटकते.

उसनवारीबद्दलही सावध राहावे. 1995 मध्ये लेखिका फ्लोरेन्स किंग यांनी आपली वाक्ये आयव्हिन्स यांनी नाव न देता वापरल्याचे दाखवून दिले, आणि आयव्हिन्स यांना माफी मागावी लागली. इतक्या मोठ्या लेखिकेच्या बाबतीत हे घडले असेल, तर सकाळी व्हॉट्सॲपवर आलेला विनोद संध्याकाळी आपल्या सदरात टाकणाऱ्याचे काय होईल, याचा विचार करावा. कायद्याचीही जाण हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते, आणि बचावासाठी मजकूर खरा असून भागत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. प्रत्येक लेखामागचे कागद तारखेनुसार वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, तर नोटीस आल्यावर वकिलाचा आणि आपला बराच वेळ वाचतो.

संपादकांकडे जाताना सदराची कल्पना घेऊन जाऊ नये. एकाच आकाराचे, पूर्ण झालेले चार-पाच लेख सोबत न्यावेत, कारण पहिला लेख कोणालाही जमतो आणि संपादकांना चौथ्याची चिंता असते. आयव्हिन्स यांनी आजार बळावल्यानंतरही जानेवारी 2007 मध्ये इराकमधल्या युद्धाविरुद्ध सदर लिहिले आणि लोकांनी भांडी वाजवत रस्त्यावर उतरावे असे त्यात सुचवले. इतकी निष्ठा कोणी नवोदिताकडून मागत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळेआधी, ठरलेल्या शब्दसंख्येत मजकूर पोहोचला, तरी पान लावणारे उपसंपादक तुमचे नाव लक्षात ठेवतात.