गव्हाला बी किती आणि युरिया किती?

रांगड्या कांद्याची लागवड, द्राक्षाच्या फवारण्या आणि त्यातच गव्हाची पेरणी. नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबर असाच धावपळीत जातो. पेरणी लांबली की बरेच जण बी वाढवतात, युरियाही वाढवतात. बी वाढवणं काही अंशी बरोबर आहे. युरिया वाढवणं मात्र चूक, कारण युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन) उशिराच्या गव्हाला उलट कमी लागतं.

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर. त्यासाठी एकरी ४० किलो बी आणि दोन ओळींत २० सेंटिमीटर अंतर पुरतं. लवकर पेरलेल्या गव्हाला थंडी जास्त दिवस मिळते, फुटवे (बुंध्यातून निघणारे जादा कोंब) भरपूर येतात आणि मोकळी जागा पीक स्वतःच भरून काढतं. १५ डिसेंबरपर्यंतच्या पेरणीत फुटव्यांना तेवढा वेळच मिळत नाही, म्हणून एकरी ५० किलो बी आणि १८ सेंटिमीटर अंतर. ५० किलोच्या पुढे बी वाढवून उपयोग नाही. दाट पिकात ओंब्या लहान राहतात, काड बारीक होतं, मावा ही रस शोषणारी कीडही लवकर पसरते. १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पन्न घटतं, आणि ही घट पोतंभर जादा बी टाकून भरून निघत नाही.

किलोच्या हिशेबापेक्षा दाण्यांचा हिशेब जास्त खरा. हजार दाणे मोजून डिजिटल काट्यावर ठेवा. वजन ४० ग्रॅमच्या आसपास आलं तर एकरी ४० किलोत ओळीच्या एका मीटरमध्ये ५० दाणे पडतात. दाणा टपोरा असून वजन ४५ ग्रॅम भरलं तर तेवढ्याच किलोत ४४ दाणेच पडतील, म्हणजे ५ किलो बी वाढवायला हवं. दाणा बारीक असेल तर ४० किलोही जास्त होतं. उगवणीनंतर मीटरची पट्टी घेऊन चार-पाच ठिकाणी रोपं मोजा. चाळीसच्या आसपास भरली तर पेरणी साधली. फोकून पेरलं की हा हिशेब बसत नाही. बी आणि खत वेगवेगळं सोडणारी दोन चाड्यांची पाभर किंवा पेरणी यंत्र वापरा, बी ५ ते ६ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका आणि युरिया बियात मिसळू नका, उगवण मार खाते.

वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश. एकराच्या भाषेत सांगायचं तर पेरताना डीएपीची (नत्र आणि स्फुरद देणारं खत) एक ५० किलोची गोणी, युरिया ३२ किलो आणि पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश २७ किलो. उरलेलं निम्मं नत्र, म्हणजे ५२ किलो युरिया, तण काढून १८ ते २१ दिवसांच्या पहिल्या पाण्याबरोबर द्या. मुकुटमुळं (बुंध्याजवळची मुख्य मुळं) फुटतात ती हीच वेळ, हे पाणी चुकवू नका. उशिराच्या गव्हाला ९०:६०:४० पुरे, तिथे दुसरा हप्ता ३९ किलो युरियाचा.

वाण निवडताना निफाडच्या संशोधन केंद्राचे वाण आपल्या हवामानात पारखलेले आहेत. वेळेवर पेरणीला तपोवन किंवा त्र्यंबक, पाणी कमी असेल तर नेत्रावती. वेळेवर आणि उशिरा, दोन्हीला फुले समाधान चालतो.

टोमॅटोच्या रानात गहू घेणार असाल तर आधी माती तपासून घ्या. भाजीपाल्याला दिलेलं खत बरंच शिल्लक असतं आणि त्यावर पूर्ण मात्रा टाकली की पीक हिरवंगार, उंच, मऊ वाढतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाऱ्यासह पाऊस आला की असाच गहू आधी लोळतो. मक्याच्या रानात मात्र हात आखडू नका, मका जमिनीतून खूप काही ओढून नेतो.

कोणी सातू (जव, बार्ली) घेत असेल तर नत्र गव्हाच्या निम्मंच, हेक्टरी ६० किलो. सातूचं काड गव्हापेक्षा नाजूक असतं. शिवाय माल्टसाठी (बिअर वगैरेसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) द्यायचा असेल तर जादा नत्रानं दाण्यातली प्रथिनं वाढतात आणि माल्टवाल्यांना नेमकी तीच नको असतात.