खोल समुद्रातला अनोळखी मासा ओळखताना या चुका टाळा

बेळगावला समुद्र नाही, पण गोवा, कारवार आणि मालवणची मासळी चोर्ला, अनमोड, आंबोलीचे घाट चढून रोज इथे पोचते. बर्फाच्या खोक्यात कधीतरी ट्रॉलरच्या जाळ्यात चुकून आलेला काळपट, मोठ्या डोळ्यांचा, कुणालाच नाव न सांगता येणारा मासा निघतो. खानापूर, निपाणीकडची प्राणिशास्त्राची मुलं तो हौसेने उचलून आणतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. म्हणूनच हे लिहितो आहे. अशा माशाचं नुकसान बहुतेक वेळा आपल्या हातात आल्यावरच होतं.

आधी नाव, मग निरीक्षण

मोबाइलच्या ॲपला फोटो दाखवायचा, त्याने सुचवलेलं नाव धरायचं आणि मग माशात त्या नावाची लक्षणं शोधायची, हा रस्ताच उलटा आहे. खोल पाण्यातल्या माशांचे नीट ओळखलेले फोटो मुळातच थोडे, तेव्हा ॲप तरी काय शिकणार? ओळख पटवण्याची तालिकाही, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारी यादीही, आपल्या समुद्राची हवी. भारताचा पश्चिम किनारा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ५१ क्रमांकाच्या क्षेत्रात येतो. प्रशांत महासागराची तालिका इथे लावली, तर उत्तर मिळतं आणि ते चुकीचं असतं.

ॲप आणि तालिका दोन्ही हरले की लगेच 'नवी प्रजाती' म्हणू नका. दुर्मिळ म्हणजे नवीन नव्हे. 'इन्व्हेस्टिगेटर' या समुद्र-सर्वेक्षणाच्या जहाजावरचे डॉक्टर आल्फ्रेड अल्कॉक यांनी भारतीय समुद्रांतल्या खोल पाण्यातल्या माशांची वर्णनात्मक सूची १८९९ मध्येच छापली आहे. ती चाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकाच नमुन्यावर भिस्त

१९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सीलाकांथ हा मासा मिळाला आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं मानलेला हा गट जिवंत असल्याचं कळलं. दुसरा नमुना १९५२ मध्ये कोमोरो बेटांजवळ मिळाला. त्याच्या पाठीवरचा पहिला पर नव्हता. मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनी त्यावरून थेट नवा वंश मानला आणि 'मलानिया' असं नाव दिलं. पुढे कळलं की तो पहिल्याच प्रजातीचा, व्यंग असलेला मासा होता. स्मिथ हे काही कच्चे अभ्यासक नव्हते. पण हाताशी एकच मासा होता.

नर, मादी आणि पिल्लू यांच्यातला फरकही असाच फसवतो. १९२२ मध्ये आइसलँडच्या एका संशोधकाला अँगलरफिश या खोल पाण्यातल्या माशाच्या मादीला चिकटलेले दोन चिमुकले मासे दिसले, ते त्याला पिल्लं वाटले. ते नर असल्याचं मत्स्यशास्त्रज्ञ रीगन यांनी १९२५ मध्ये ओळखलं. व्हेलफिशच्या बाबतीत तर मादी, नर आणि पिल्लं तीन वेगवेगळ्या कुळांत नोंदली गेली होती. ती एकाच कुळाची आहेत हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

जाळ्याने बिघडवलेलं रूप खरं मानणं

दर दहा मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे हजार मीटरवरचा मासा पृष्ठभागाच्या सुमारे शंभरपट दाबातून वर आलेला असतो. वाताशय, म्हणजे पोटात हवेची पिशवी, असलेल्या माशाचे डोळे बाहेर येतात, जठर तोंडात येतं. मऊ अंगाच्या माशाची कातडी जाळ्यात सोलवटते. ब्लॉबफिशचा २००३ मधला तो लोंबत्या नाकाचा प्रसिद्ध फोटो अशाच वर ओढून आणलेल्या माशाचा आहे. कंदीलमाशांची ओळख अंगावरच्या प्रकाशबिंदूंच्या मांडणीवरून होते आणि नेमके तेच खवल्यांबरोबर घासून जातात. म्हणून दोन्ही बाजू तपासा. 'नाही' आणि 'गळून गेलंय' हे वेगवेगळं लिहा. खवला निघाला तरी त्याची खाच बहुधा दिसते. पराबद्दल शंका असेल तर एक्स-रे काढा.

जतन करताना क्रम चुकणं

सगळ्यात जास्त नमुने इथेच वाया जातात. मासा मिळताच ओल्या, ताज्या अंगाचा फोटो घ्या, डावी बाजू वर आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. रंग अल्कोहोलमध्ये उडून जातो, मग तो कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतर उजव्या बाजूचा मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. हे फॉर्मॅलिनच्या *आधी* करायचं, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनएची मोडतोड होते. मग मासा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे बाटलीतलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. मोठा मासा असेल तर पोटात द्रावण टोचा किंवा उजवीकडून चीर द्या, नाहीतर बाहेरून ठणठणीत दिसणारा मासा आतून कुजतो. शेवटी पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोल.

बरणीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तारीख, बंदर, जाळ्याचा प्रकार, खोली हे सगळं बोटीवरच्या माणसाला विचारून त्याच दिवशी टिपा. 'बेळगाव मार्केट' एवढंच लिहिलेल्या नमुन्यातून मासा कुठे राहतो हे कधीच कळणार नाही.

मोजमाप

'लांबी' असं मोघम लिहू नका. प्रमाण लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजतात. रॅटटेल माशांची दोरीसारखी शेपूट हमखास तुटलेली असते. तिथे डोक्याची लांबी आणि गुदपरापर्यंतचं अंतर द्या. परांतले काटे रोमन आकड्यांत, मऊ किरण साध्या आकड्यांत.

डीएनए आला म्हणजे काम संपलं, असं मानणं

प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा फार उपयोगी पडतो. पण ज्याच्याशी तो जुळवता, त्या नोंदीचं नाव कुणी चुकीचं लिहिलं असेल तर तीच चूक तुमच्या माशाला चिकटते. ज्यांच्यामागचा मासा संग्रहालयात जपलेला आहे, अशा नोंदींनाच वजन द्या.

बातमी आधी, प्रबंध नंतर

वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर दिलेल्या नावाला शास्त्रात स्थान नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे नाव रीतसर प्रसिद्ध व्हावं लागतं, प्रारूप नमुना, म्हणजे ज्याच्यावर ते नाव बेतलं तो मासा, ठरवून सांगावा लागतो, आणि प्रकाशन फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी त्यातच दाखवावी लागते. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या संग्रहालयाला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. खोल समुद्रातल्या जीवांसाठी कोचीतलं 'भवसागर' हे असं ठिकाण आहे. कोलकात्याचं भारतीय प्राणिसर्वेक्षणही आहे. नाव सुचण्याची वाट न बघता तिथे पत्र लिहा. सोबत डाव्या बाजूचा ताजा फोटो, मोजमापं आणि बोटीवाल्याने सांगितलेली खोली पाठवा.