विषाणूचा जीनोम: कच्च्या रीड्सपासून भरवशाच्या क्रमापर्यंत

इथली पद्धत सार्स-कोव्ह-२च्या (कोविडच्या विषाणूच्या) अॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे जीनोम लहान लहान तुकड्यांत वाढवून वाचण्यासाठी, मांडली आहे. यंत्राने वाचलेल्या छोट्या क्रमांना रीड्स म्हणतात. या विषाणूच्या डेटातल्या चुका जगभर इतक्या बारकाईने तपासल्या गेल्या आहेत, की शिकायला हे उदाहरण सर्वांत सोयीचं पडतं. डेंग्यू किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूसाठी रेफरन्स (तुलनेसाठी धरलेला ज्ञात जीनोम) आणि प्रायमर (तुकडा वाढवायला लावलेले छोटे कृत्रिम क्रम) बदलतील, तपासण्या बहुतेक याच राहतील. लिनक्सची कमांड लाइन आणि थोडं पायथन येतं असं धरलं आहे.

सगळीकडे पाळायचा नियम एकच: जी जागा वाचली गेली नाही, तिथे ‘एन’ लिहायचा, म्हणजे इथला बेस (जीनोममधलं अक्षर) माहीत नाही. काही प्रोग्राम रिकामी जागा गुपचूप रेफरन्सने भरतात. एकदा अशी भरलेली जागा अंतिम क्रमात गेली, की ती खरी वाचलेली होती की नाही हे नुसत्या त्या क्रमावरून कुणालाच सांगता येत नाही.

फाइल उघडण्याआधी

लॅबला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. प्रायमर संचाची आवृत्ती कोणती? लायब्ररी करताना तुकडे आणखी फोडले होते का? निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम ठेवलेला, विषाणू नसलेला नमुना) प्लेटच्या कुठल्या खाचेत होता? प्रायमरची आवृत्ती अंदाजाने धरू नका. आर्टिक या प्रायमर संचाच्या व्ही३ आवृत्तीत साधारण ४०० बेसचे ९८ तुकडे आहेत आणि ते आळीपाळीने दोन नळ्यांत वाढवले जातात. व्ही४मध्ये अनेक प्रायमरच्या जागा वेगळ्या आहेत. चुकीची बेड फाइल (प्रायमरच्या जागांची यादी) दिली तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, तो नको त्या जागा कापत सुटतो.

कच्च्या फास्टक्यू फाइल (यात रीड्स असतात) फक्त वाचता येतील अशा ठेवा आणि त्यांचे चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारे आकडे) नोंदवा. नमुन्यांची यादी स्प्रेडशीटमधून घेत असाल तर सगळे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करा. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, ‘३ई१०’सारखा नमुना क्रमांक मोठ्या आकड्यात बदलतो, दिवस आणि महिना अदलाबदल होतात. तारखेची चूक पुढे झाड (नमुन्यांचा वंशवृक्ष) काढताना फार त्रास देते.

जुळवणी आणि प्रायमर कापणं

फास्टपी या प्रोग्रामने अॅडॅप्टर (लायब्ररी करताना टोकांना जोडलेले कृत्रिम क्रम) आणि कमी दर्जाची टोकं काढा. दर्जाचा आकडा क्यू२० म्हणजे १०० बेसमागे एक चूक, क्यू३० म्हणजे १०००मागे एक. इल्युमिना आणि नॅनोपोर ही सिक्वेन्सिंगची दोन यंत्रं. इल्युमिनाचे रीड्स बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रामने आणि नॅनोपोरचे मिनीमॅप२ने रेफरन्सवर बसवा. नॅनोपोरच्या रीड्समध्ये लांबीची चाळणी आधी लावा. ४०० बेसच्या तुकड्यांसाठी ४०० ते ७००च्या बाहेरचे रीड्स टाकले, की दोन तुकडे चिकटून झालेले बनावट रीड्स बरेचसे जातात.

या विषाणूचा नेहमीचा रेफरन्स, वुहान-हू-१, २९,९०३ बेसचा आहे आणि तो दोन नावांनी मिळतो: एमएन९०८९४७.३ आणि एनसी_०४५५१२.२. क्रम तंतोतंत तोच, पण नाव वेगळं. रेफरन्सला एक नाव आणि बेड फाइलमध्ये दुसरं असेल, तर प्रायमर कापणारा प्रोग्राम काहीही न कापता शेवटपर्यंत चालतो. म्हणून कापणी झाल्यावर लॉग उघडून किती टक्के रीड्सचे प्रायमर कापले गेले ते पाहा. आकडा शून्य असेल तर आधी नावं तपासा.

प्रायमर का कापायचे, हे नीट समजून घेतलंच पाहिजे. प्रायमरच्या जागी दिसणारा क्रम लॅबमध्ये बनवलेल्या तुकड्याचा असतो, विषाणूचा नसतो. डेल्टा या प्रकारात हे सर्वांत ठळक दिसलं. त्याच्या स्पाइक जनुकातले २२०२९ ते २२०३४ हे ६ बेस गळालेले असतात आणि व्ही३च्या ७२व्या तुकड्याचा उजवा प्रायमर नेमका तिथेच बसतो. प्रायमर नीट चिकटत नाही, तुकडा वाढत नाही. आता जी१४२डी हे स्पाइकमधलं म्युटेशन (बदल) पाहा. त्याची जागा २१९८७, आणि ती ७३व्या तुकड्याच्या डाव्या प्रायमरच्या आत येते. ७२वा तुकडा गेला की त्या जागेवर प्रायमरचाच क्रम उरतो, म्हणजे रेफरन्सचा बेस. प्रायमर न कापणाऱ्या पाइपलाइनने तिथे ‘म्युटेशन नाही’ असं लिहिलं. नीट कापणाऱ्या पाइपलाइनने ‘एन’ लिहिला, आणि तेच बरोबर होतं.

आयव्हार या प्रोग्रामने प्रायमर कापत असाल आणि लायब्ररीचे तुकडे फोडलेले असतील, तर ‘-ई’ हा पर्याय द्या. अशा लायब्ररीत बऱ्याच रीड्सची सुरुवात प्रायमरपासून होत नाही, आणि या पर्यायाशिवाय आयव्हार ते सगळे रीड्स फेकून देतो. कव्हरेज (जागांवर पडणाऱ्या रीड्सचं प्रमाण) एकाएकी कोसळलं तर सर्वांत आधी इथे शोधा. बेड फाइल जागा ० पासून मोजते आणि व्हीसीएफ (रेफरन्सपेक्षा वेगळ्या जागांची फाइल) १ पासून, हेही डोक्यात पक्कं असू द्या. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये एका बेसने सरकलेली जागा याच फरकातून येते.

अंतिम क्रम

सॅमटूल्सच्या एमपाइलअप या कमांडला (ती प्रत्येक जागेवरचे रीड्स मांडते) ‘-एए’ द्या, म्हणजे शून्य कव्हरेजच्या जागाही छापल्या जातात, आणि ‘-डी ०’ द्या, म्हणजे खोलीची (एका जागेवर आलेल्या रीड्सच्या संख्येची) मर्यादा लागत नाही. कव्हरेज मोजतानाही तीच काळजी घ्या. सॅमटूल्सचा ‘डेप्थ’ ‘-ए’ न देता चालवला तर शून्याच्या ओळी वगळतो, आणि त्यावरून काढलेली सरासरी फुगलेली येते.

इल्युमिनासाठी किमान खोली १० आणि नॅनोपोरसाठी २० धरणं रूढ आहे. त्याखाली ‘एन’. एका बेसला ७५ टक्के रीड्सचा आधार असेल तरच तो लिहावा, नाहीतर ‘आर’ किंवा ‘वाय’सारखं मिश्र अक्षर (दोन बेसपैकी कुठलाही असू शकतो, असं सांगणारं) द्यावं, असं आमचं मत आहे. ५० टक्क्यांवर क्रम भरलेला दिसतो, पण दूषित नमुनाही त्यात स्वच्छ दिसतो. बीसीएफटूल्सचा ‘कन्सेन्सस’ वापरत असाल तर विशेष जपा. तो व्हीसीएफमधले बदल रेफरन्सवर चढवतो, त्यामुळे न वाचलेली जागा रेफरन्ससारखीच राहते. कमी खोलीच्या जागांची बेड फाइल वेगळी काढून ‘-एम’ने मास्क म्हणून (म्हणजे त्या जागा ‘एन’ने झाकायला) द्यावीच लागते.

क्रम खरा आहे का

निगेटिव्ह कंट्रोल पूर्ण पाइपलाइनमधून जाऊ द्या. त्यात एखादा तुकडा १० खोलीच्या वर आला, तर त्या प्लेटवरच्या सगळ्या नमुन्यांत तोच तुकडा संशयित धरा. एका नमुन्यात अनेक मिश्र जागा असतील आणि त्या विषाणूच्या दोन ज्ञात वंशांना (शाखांना) वेगळं करणाऱ्या जागांवरच पडत असतील, तर दूषितीकरण किंवा दुहेरी संसर्ग यांपैकी एक असतो. संगणकावर बसून याचा निकाल लागत नाही. नमुन्यातून आरएनए पुन्हा काढायला सांगा.

मग नेक्स्टक्लेड या क्रम तपासणाऱ्या साधनात क्रम टाका. फ्रेमशिफ्ट (बेस कमी-जास्त झाल्याने प्रथिनाचं वाचन सरकणं) दिसला तर बॅम फाइल (रेफरन्सवर बसवलेले रीड्स) डोळ्यांनी पाहा. नॅनोपोरमध्ये एकाच बेसच्या सलग रांगेत एखादा बेस कमी-जास्त मोजला जातो, आणि असे बरेच फ्रेमशिफ्ट बनावट निघतात. मात्र प्रत्येक फ्रेमशिफ्ट डोळे झाकून दुरुस्त करू नका, काही खरे असतात. पॅंगोलिन या प्रोग्रामने वंशाचं नाव काढल्यावर त्याच्या डेटाची आवृत्तीही शेजारी लिहा. आवृत्ती बदलली की तोच क्रम दुसऱ्या वंशात जाऊ शकतो.

झाड आणि साखळ्या

झाड काढण्याआधी दोन्ही टोकं मास्क करा: १ ते ५५ आणि २९८०४ ते २९९०३. तिथे चुका दाटीने असतात. आयक्यू-ट्री या प्रोग्रामने झाड काढा, मग ट्रीटाइम या प्रोग्राममध्ये मुळापासूनचं अंतर आणि तारीख यांचा आलेख बघा. रेषेपासून दूर पडलेला नमुना दिसला तर नवीन वंशाचा विचार करण्याआधी तारीख आणि क्रमाचा दर्जा तपासा.

दोन नमुन्यांतलं अंतर मोजताना ‘एन’ असलेल्या जागा दोन्हीकडून वगळल्या जातात. म्हणून अर्धा ‘एन’ असलेला जीनोम खूप जणांशी शून्य अंतरावर येतो आणि संसर्गाच्या खोट्या साखळ्या जोडतो. अंतराबरोबर तुलना झालेल्या जागांची संख्या दुसऱ्या रकान्यात हवीच.

या विषाणूत महिन्याला साधारण २ बदल साठतात. म्हणून एकसारखे दोन जीनोम म्हणजे एकाने दुसऱ्याला थेट संसर्ग दिला असं ठरत नाही. मध्ये आणखी माणसं असू शकतात, दिशाही कळत नाही. क्षयाच्या जीवाणूत हा वेग जीनोममागे वर्षाला सुमारे अर्धा बदल इतका कमी आहे. तिथे संसर्गाचा दुवा ठरवायला ५ आणि १२ एसएनपी (एकेका बेसचे फरक) या मर्यादा वापरतात, त्या विषाणूला लावू नका. साथरोगतज्ज्ञाला अहवाल देताना ‘हा दुवा नाकारता येत नाही’ आणि ‘हा दुवा नाकारता येतो’ अशीच भाषा वापरा. संसर्गाचा थेट दुवा नाकारणं जीनोमला बऱ्यापैकी जमतं, सिद्ध करणं फारसं जमत नाही.

जाहीर करताना

कच्चे रीड्स सार्वजनिक साठ्यात देण्याआधी मानवी रीड्स काढा. आधी मानवी जीनोमवर बसणारे टाका, मग उरलेल्यांतले विषाणूवर बसणारेच ठेवा. रुग्णाची ओळख पटेल असा कुठलाही क्रमांक नमुन्याच्या नावात नको. पाइपलाइन स्नेकमेक किंवा नेक्स्टफ्लोमध्ये (पायऱ्या क्रमाने चालवणारी साधनं) ठेवा, प्रत्येक साधनाची आवृत्ती कंटेनरमध्ये (साधनं एकत्र बांधलेल्या पेटीत) बांधून टाका. उत्तर माहीत असलेले पाच-सहा नमुने जपून ठेवा, त्यात एक मुद्दाम अर्धवट वाचलेला असू द्या. कुठलंही साधन बदललं की ते आधी चालवा आणि अर्धवट नमुन्यातल्या ‘एन’ची संख्या पूर्वीइतकीच येते का ते बघा. ती अचानक कमी झाली असेल, तर रिकाम्या जागा कुठेतरी रेफरन्सने भरल्या जात आहेत का ते सापडेपर्यंत नवीन नमुने पुढे पाठवू नका.