इलोकानो आणि गॅलिशियन: दोन लांबच्या भाषा शेजारी ठेवून कशा बघायच्या

दोन भाषांची तुलना करायची म्हटलं की आपण काय करतो, तीस-चाळीस शब्द घेतो, एक्सेल उघडतो आणि दोन कॉलम भरत बसतो. मीही तेच केलं आणि साफ फसलो. एकीकडे इलोकानो, म्हणजे फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर उत्तरेकडे बोलतात ती, साधारण ८० लाख लोकांची भाषा, आणि दुसरीकडे गॅलिशियन, स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात पोर्तुगालच्या डोक्यावर बसलेली, वीस-पंचवीस लाखांची. साबण, टेबल, घोडा, शब्दामागून शब्द जुळायला लागले आणि मला वाटलं अरे या तर बहिणी निघाल्या! कसल्या बहिणी. स्पॅनिश लोक १५६५ पासून १८९८ पर्यंत फिलिपिन्समध्ये ठाण मांडून होते, त्यांनी मागे ठेवलेलं सामान होतं ते सगळं.

म्हणून पहिलं काम, बाजारातले शब्द बाजूला काढा. साबण, चमचा, बूट, वार, घड्याळातली वेळ असल्या गोष्टी माणसांबरोबर प्रवास करतात, त्यावरून नातं ठरत नाही. नातं बघायचं तर आकडे, घर, खाणं-पिणं, मी-तू असलं घरातलं काढा. इलोकानोत पाच म्हणजे 'लिमा', मलयमध्येही लिमा, आणि पार हवाईच्या मूळ भाषेतही लिमाच, म्हणजे या तिन्ही एकाच कुळातल्या. १९०६ साली इलोकोस भागातले पहिले १५ मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला हवाईला गेले, तेव्हा तिथल्या पाचाला त्यांच्या घरचंच नाव होतं, हे मला फार आवडतं. गॅलिशियनमध्ये पाच म्हणजे 'सिंको', ती लॅटिनची लेक, पोर्तुगीजची सख्खी बहीण. विषय संपला, रक्ताचं नातं शून्य. (वेळ मात्र इलोकानो माणूस 'आलास ओत्सो' अशी स्पॅनिशमध्येच सांगतो, म्हणजे आकडे घेताना सुद्धा मोजायचे घ्या, घड्याळातले नकोत.)

पण बाजूला काढलेला ढीग फेकून देऊ नका हां, खरी मजा त्यातच आहे. टेबलाला इलोकानोत म्हणतात 'लामिसाआन'. यातला 'ला' कुठून आला? स्पॅनिशमध्ये टेबल म्हणजे 'ला मेसा', त्यातला 'ला' नामाआधी लागणारा नुसता शब्द, तो यांनी नामासकट उचलला आणि मागे आपलं 'आन' चिकटवलं. गॅलिशियनमध्ये तेच 'आ मेसा' होतं, तिथे 'ला' नाहीच. म्हणजे शब्द गॅलिशियनमधून नाही, स्पॅनिशमधूनच आला हे त्या एका 'ला'वरून कळतं. चमचा-काट्याचंही तसंच, इलोकानोत 'कुत्सारा' आणि 'तिनिदोर', स्पॅनिशमध्ये 'कुचारा' आणि 'तेनेदोर', आणि गॅलिशियनमध्ये काट्याला चक्क 'गार्फो', पोर्तुगीजसारखा.

आता साबण घ्या. आजच्या स्पॅनिशमध्ये 'हाबोन', गॅलिशियनमध्ये 'शाबोन', इलोकानोत 'साबोन'. आधी वाटलं इलोकानोने हे गॅलिशियनकडून घेतलं असणार. तसं नाही. सोळाव्या शतकात स्पॅनिशमध्येही तिथे 'श'च होता, पुढे तो घशात उतरला. इलोकानोकडे 'श' नव्हता म्हणून त्यांनी 'स' केला, आणि गॅलिशियनने 'श' सोडलाच नाही. म्हणजे माद्रिदवाल्यांनी जो आवाज टाकून दिला त्याची खूण जगाच्या दोन टोकांना राहिली. आपला 'साबण' यात ओढू नका, तो काहीजण पोर्तुगीज मानतात, काहीजण अरबी, तो वेगळाच झगडा. पण 'चावी' मात्र नक्की बघा. पोर्तुगीज 'शाव्ह' आज 'श'ने म्हणतात, पण आपल्याकडे शब्द आला तेव्हा तिथे 'च' होता, तो आपण ठेवला, आणि गॅलिशियन आजही 'चाबे'च म्हणते.

शब्द झाले की वाक्य. एकच वाक्य घ्या, रोजचं, स्वयंपाकघरातलं. 'आईने भाजी केली' हे इलोकानोत 'लिनुतो नि नानांग ति दिनेंगदेंग', इथे शिजवलं आधी, आई मग, भाजी शेवटी. गॅलिशियनमध्ये 'आ मिन्या नाय फीशो ओ काल्दो' (भाजीऐवजी काल्दो, म्हणजे सूप), इथे 'फीशो' हे क्रियापद मधे. आपलं शेवटी. तीन भाषा, क्रियापदाच्या तीन जागा. आणि ते 'लिनुतो' जरा उलगडून बघा, मूळ 'लुतो', त्याच्या पोटात 'इन' घातला की ते केलं गेलं आणि भर पडतो भाजीवर. आईवर भर हवा तर 'नागलुतो', आत्ता चाललंय तर 'आगलुतलुतो'. घर 'बालाय', घरं 'बालबालाय'. गॅलिशियन असलं काही करत नाही, ती शेपटं बदलते: 'फागो' मी करतो, 'फान' ते करतात.

'आम्ही-आपण' तपासायला विसरू नका, यात मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे, कारण हिंदीवाल्याला 'हम' एवढंच माहीत. इलोकानोत 'मांगानतायो' म्हणजे आपण सगळे जेवूया, 'मांगानकामी' म्हणजे आम्ही जेवतो (तू तुझं बघ), आणि वर तिसरं 'मांगानता', फक्त तू आणि मी. ही तिसरी सोय आपल्याकडेही नाही, आणि खरं सांगायचं तर हवी होती. गॅलिशियनमध्ये 'नोस' आहे, समोरच्याला वगळायचं असेल तर 'नोसोउत्रोस'ही म्हणता येतं, पण क्रियापद दोन्हीला एकच.

मग 'हो' कसं म्हणतात ते विचारा. इलोकानो सरळ 'वेन' म्हणून मोकळा होतो. गॅलिशियन माणसाला 'बेस?' म्हणजे येतोस का विचारलं तर तो बरेचदा 'बेन्यो' म्हणतो, येतो. अगदी आपल्यासारखं, ओळखीपाळखीचा काही संबंध नसताना.

एवढं जमलं की एक गंमत स्वतः करून बघा. गुरुवार स्पॅनिशमध्ये 'हुएबेस', गॅलिशियनमध्ये 'शोबेस', इलोकानोत 'हुएबेस'. साबणात इलोकानोने 'स' केला होता आणि इथे 'ह' आहे, शब्द दोन्ही स्पॅनिशचेच. कुठला आधी आला असेल आणि कुठला नंतर, ते पेन घेऊन मांडा.